गुंता फुटण्याआधीचे तास

१३ डिसेंबर २००६ रोजी वॉशिंग्टनमध्ये साउथ डाकोटाचे डेमोक्रॅटिक सिनेटर टिम जॉन्सन यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. फुटला तो रक्तवाहिन्यांचा गुंता जन्मापासून त्यांच्या डोक्यात होता. त्या दिवसाचा आणि त्याआधीच्या वर्षांचा हा घटनाक्रम.

उणे ६० वर्षे : कँटन, साउथ डाकोटा

२८ डिसेंबर १९४६. जॉन्सन यांचा जन्म. धमनीतले रक्त जोरात येते, केसासारख्या बारीक केशवाहिन्यांत त्याचा जोर ओसरतो आणि मग ते संथपणे शिरांत उतरते, ही शरीराची नेहमीची रीत. त्यांच्या मेंदूतल्या एका जागी मधल्या केशवाहिन्याच नव्हत्या. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या होत्या आणि तिथे वेड्यावाकड्या वाहिन्यांचा पुंजका झाला होता. डॉक्टर याला आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन किंवा थोडक्यात एव्हीएम म्हणतात. पातळ भिंतीच्या शिरांना धमनीचा दाब वर्षानुवर्षे सोसावा लागतो. काहींना त्यापायी फिट येतात, काहींचे डोके दुखते, आणि अनेकांना आयुष्यभर काहीच कळत नाही.

उणे ४६ वर्षे : जॉर्जटाउन, वॉशिंग्टन

१९६०. जॉन्सन शाळकरी होते, तेव्हा ज्या शहरात पुढे त्यांच्यावर हा प्रसंग यायचा होता, तिथेच आल्फ्रेड लुसेनहॉप आणि विल्यम स्पेन्स या डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. मानेतली धमनी उघडून त्यांनी प्लास्टिकसारख्या पदार्थाचे बारीक गोळे रक्तात सोडले. गुंत्याकडे रक्ताची ओढ जास्त असते, म्हणून गोळे तिकडेच वाहत जाऊन अडकतील, असा त्यांचा हिशेब होता. मेंदूतल्या गुंत्याचे एम्बोलायझेशन, म्हणजे आतूनच वाट बुजवणे, इथून सुरू झाले.

उणे १७ महिने

जुलै २००५. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ‘ऑनिक्स’ या द्रवाला मान्यता दिली, तीही शस्त्रक्रियेपूर्वी एव्हीएममधला रक्तपुरवठा कमी करण्यासाठी. कॅथलॅबमध्ये हे काम चालते तेव्हा सगळा खेळ धीराचा असतो. ऑनिक्सची कुपी किमान वीस मिनिटे हलवत ठेवावी लागते, नाहीतर त्यातली टँटलम धातूची पूड तळाशी बसते आणि एक्स-रेच्या पडद्यावर द्रव दिसेनासा होतो. जांघेतल्या धमनीतून कॅथेटर वर चढवतात. त्यातून आणखी बारीक, शेवयीएवढी नळी गुंत्याच्या तोंडापर्यंत नेतात. मग द्रव थेंबाथेंबाने सोडायचा. तो मागे सरकू लागला की थांबायचे, कडेला थोडा घट्ट होऊ द्यायचा, पुन्हा ढकलायचा. द्रावक रक्तात विरघळून गेला की उरलेला पदार्थ रबरासारखा बसतो. पुढचे एकदोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, तो त्या द्रावकाचा.

धोका दोन्हीकडून असतो. द्रव मागे आला तर निरोगी मेंदूला रक्त देणारी वाहिनी बंद होऊन पक्षाघात होतो. फार पुढे जाऊन बाहेर पडणारी शीर आधीच बुजली, तर आत येणारे रक्त तुंबते आणि गुंता टेबलावरच फुटू शकतो. म्हणून मोठ्या गुंत्याला एकाच बैठकीत हात घालत नाहीत. बहुतेक वेळा एम्बोलायझेशन ही पूर्वतयारी असते. शेवट शस्त्रक्रियेने किंवा रेडिओसर्जरीने, म्हणजे किरणांच्या नेमक्या माऱ्याने, होतो.

हे सगळे करायला गुंता आहे हे आधी माहीत असावे लागते.

उणे ५ आठवडे

७ नोव्हेंबर २००६. निवडणुकीत सिनेटचे पारडे फिरले. दोन अपक्ष धरून डेमोक्रॅटिक बाजूला ५१ जागा, रिपब्लिकनांना ४९. साउथ डाकोटाचे गव्हर्नर माइक राउंड्स रिपब्लिकन होते. जॉन्सन यांची जागा रिकामी झाली आणि राउंड्स यांनी आपल्या पक्षाचा माणूस नेमला, तर ५०-५० झाले असते आणि निर्णायक मत रिपब्लिकन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हाती गेले असते.

१३ डिसेंबर, दुपारच्या आधी

जॉन्सन फोनवरून पत्रकारांशी बोलत होते. बोलता बोलता शब्द अडखळू लागले. मध्येच थांबले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले. मग सावरले, आणखी काही प्रश्न आहेत का असे विचारले आणि फोन संपवला. साउथ डाकोटातल्या रेडिओ केंद्राकडे हे बोलणे ध्वनिमुद्रित झाले.

काही मिनिटांनी

ते चालत कार्यालयात परतले. उजवा हात नीट चालत नव्हता, पण आपण ठीक आहोत असे त्यांना वाटले. बहुतेकांचा मेंदू भाषा डाव्या बाजूने सांभाळतो आणि उजव्या हाताचा कारभारही तिथूनच चालतो. शब्द आणि उजवा हात एकाच वेळी दगा देऊ लागले, तर बोट डाव्या मेंदूकडे जाते. कॅपिटॉल या संसदभवनाच्या डॉक्टरांनी तपासले आणि लगेच रुग्णालयात न्यायचे ठरले.

दुपारी १२च्या सुमारास

रुग्णवाहिका जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे निघाली. बातम्यांत आधी पक्षाघाताची शंका आली, मग कार्यालयाने पक्षाघात आणि हृदयविकार दोन्ही नाकारले. टीव्हीवर जागांची बेरीज-वजाबाकी सुरू झाली होती.

रात्र

गुंत्यातून रक्त मेंदूत पसरले होते. साचलेले रक्त मेंदूला दाबत असेल, तर नुसते एम्बोलायझेशन पुरत नाही, कारण त्याने गुठळी निघत नाही. कवटी उघडावी लागते. पथकात डॉ. विवेक देशमुख हे मेंदूशल्यविशारद होते. रक्त काढून गुंता आटोक्यात आणला गेला. शस्त्रक्रिया मध्यरात्र उलटल्यावर संपली. प्रकृती गंभीर होती.

अधिक ९ महिने

५ सप्टेंबर २००७. भाषा आणि हालचाल यांचे धडे पुन्हा गिरवून जॉन्सन सिनेटमध्ये परतले. बोलणे संथ झाले होते, उजवी बाजू कमजोर होती. २००८मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि जानेवारी २०१५पर्यंत सिनेटर राहिले. त्यांच्या जागी आले ते माइक राउंड्सच, पण निवडणूक जिंकून. ऑक्टोबर २०२४मध्ये जॉन्सन यांचे निधन झाले.

अधिक ६ वर्षे

जॉन्सन यांचा गुंता फुटण्याच्या वर्षभर आधी एखाद्या स्कॅनमध्ये दिसला असता, तर तो बुजवायला हवा होता का? उत्तर वाटते तितके सोपे नाही. न फुटलेल्या एव्हीएमवरची ‘अरूबा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०१३मध्ये मधेच थांबवावी लागली. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात झाला तो फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी १०.१ टक्क्यांना आणि गुंत्यावर उपचार केलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना. टीकाकारांचे म्हणणे असे, की उपचारांच्या पद्धती एकात मिसळल्या होत्या आणि ३३ महिने हा काळ फार थोडा आहे. गुंता फुटण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के असतो. तिशीतल्या माणसाच्या बाबतीत त्याची बेरीज मोठी होते, सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत लहान.

म्हणून न फुटलेला गुंता सापडला तर घाबरून टेबलावर चढू नका आणि फाइल कपाटातही टाकू नका. आकार किती, मेंदूच्या कोणत्या भागात, शिरा खोलवर उतरतात का, हे डॉक्टरांना विचारा. एम्बोलायझेशन सुचवले तर आणखी एक प्रश्न विचारा : याने गुंता पूर्ण जाणार आहे, की ही पुढच्या शस्त्रक्रियेची तयारी आहे? शक्य असेल तर शल्यविशारद आणि कॅथेटरने उपचार करणारा तज्ज्ञ, दोघांचेही मत घ्या.

आणि घरात कोणाचे बोलणे अचानक अडखळले, हात लुळा पडला किंवा कधी नव्हे असे डोके फुटायला लागले, तर ‘ठीक आहे’ म्हणून बसू नका. महाराष्ट्रात १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.