फ्रँकी नकल्स आणि हाउस संगीताचा उदय : श्रेयाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा इतिहास प्रामुख्याने गायक, वादक व संगीतकार यांच्या नावांनी लिहिला गेला. ध्वनिमुद्रिका निवडून त्या एकमेकींत गुंफणारा आणि नर्तकांसमोर सादर करणारा डी.जे. या इतिहासात दीर्घकाळ उपेक्षित राहिला. महाराष्ट्रात तर 'डी.जे.' हा शब्द मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीसाठीच रूढ झाल्याने या व्यवसायातील सर्जनशीलतेकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकन डी.जे. व संगीतनिर्माते फ्रँकी नकल्स (१९५५-२०१४) यांच्या कारकिर्दीच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार केला आहे : 'हाउस' ही नृत्यसंगीताची शैली कशी घडली, आणि तिचे श्रेय कोणाच्या नावे नोंदले गेले?

न्यूयॉर्क ते शिकागो :

नकल्स यांचा जन्म १८ जानेवारी १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मित्र लॅरी लेव्हान यांच्यासमवेत त्यांनी 'कॉन्टिनेन्टल बाथ्स' येथे डी.जे. म्हणून उमेदवारी केली. १९७७ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी शिकागो येथे 'वेअरहाउस' हा क्लब सुरू केला. विल्यम्स यांनी प्रथम लेव्हान यांना विचारणा केली होती. परंतु त्यांनी न्यूयॉर्क सोडण्यास नकार दिल्याने ही जबाबदारी नकल्स यांच्याकडे आली. साउथ जेफरसन मार्गावरील २०६ क्रमांकाच्या इमारतीत जमणारे नर्तक प्रामुख्याने कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे समलिंगी तरुण होते. समाजाने दोन्ही अंगांनी दूर लोटलेल्या या तरुणांना तेथे निर्भयपणे एकत्र येता येत असे. हाउस संगीताची सामाजिक पार्श्वभूमी ही अशी होती.

टंचाईतून घडलेले तंत्र :

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडवून देण्यात आल्या. जमाव मैदानात घुसला व दुसरा सामना होऊ शकला नाही. या रोषामागे कृष्णवर्णीय व समलिंगी समाजाविषयीचा आकस होता, असे अनेक अभ्यासकांनी नमूद केले आहे. त्यानंतर मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. परिणामी क्लबसाठी योग्य अशा नव्या मुद्रिकांचा ओघ आटला.

या टंचाईवर नकल्स यांनी उपाय शोधला. जुन्या गीतांच्या ध्वनिफिती कापून व पुन्हा जोडून त्यांनी तालाचे भाग लांबवले. फिलाडेल्फियाचे सोल संगीत आणि युरोपातील इलेक्ट्रॉनिक मुद्रिका एकत्र गुंफल्या. १९८२ च्या अखेरीस वेअरहाउस सोडून त्यांनी 'पॉवर प्लँट' हा स्वतःचा क्लब काढला. डेट्रॉइटचे डेरिक मे यांच्याकडून घेतलेल्या 'रोलँड टीआर-९०९' या तालयंत्राचे ठोके ते वाजत्या मुद्रिकेखाली मिसळू लागले. अशा रीतीने मुद्रिका वाजविणे आणि संगीत निर्माण करणे यांतील सीमारेषा पुसट झाली. 'वेअरहाउस' या नावाच्या उत्तरार्धावरून या संगीतास 'हाउस' म्हटले जाऊ लागले, ही व्युत्पत्ती सर्वाधिक प्रचलित आहे. क्लबच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीला नकल्स 'डिस्कोने घेतलेला सूड' म्हणत, हे येथे लक्षणीय आहे.

श्रेयाचा प्रश्न :

'युवर लव्ह' हे गीत नकल्स यांची ओळख बनले. परंतु ते मूलतः जेमी प्रिन्सिपल यांनी रचले व गायिले होते. मुद्रिका निघण्यापूर्वी ते ध्वनिफितीच्या रूपाने शिकागोच्या क्लबमध्ये गाजत होते. १९८७ मध्ये 'ट्रॅक्स' कंपनीने काढलेल्या मुद्रिकेवर मात्र ठळक नाव नकल्स यांचे होते. नकल्स यांनी या गीताला दिलेला घाट व प्रसिद्धी नाकारता येत नाही. तथापि ज्या शैलीच्या निर्मात्यांना मुख्य प्रवाहाने अनुल्लेखाने मारले, त्या शैलीच्या अंतर्गतही एकाचे नाव दुसऱ्याच्या नावाखाली झाकले गेले, हे इतिहासकाराला टाळता येणार नाही.

पुढे न्यूयॉर्कला परतून नकल्स यांनी डेव्हिड मोरालेस यांच्यासह 'डेफ मिक्स'मध्ये कार्य केले. सातोशी तोमिए व गायक रॉबर्ट ओवेन्स यांच्यासमवेतचे 'टीअर्स' (१९८९) आणि 'द व्हिसल साँग' (१९९१) या त्यांच्या उल्लेखनीय रचना होत. १९९८ मध्ये रीमिक्सकारासाठी प्रथमच ठेवलेला ग्रॅमी पुरस्कार त्यांना मिळाला. २००४ मध्ये शिकागोने जेफरसन मार्गाच्या एका भागास त्यांचे नाव दिले. ३१ मार्च २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये वेअरहाउसच्या इमारतीला शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

निष्कर्ष :

नकल्स यांची थोरवी एखाद्या शैलीचा एकट्याने शोध लावण्यात नाही. उपलब्ध तुटपुंज्या सामग्रीतून, समोरच्या नर्तकांचा प्रतिसाद जाणून घेत, त्यांनी एका समूहाचे संगीत घडविले यात आहे. शिकागोने ज्या नृत्यप्रकाराच्या मुद्रिका जाळल्या, त्याच्याच वारसाला पंचवीस वर्षांनी रस्त्याचे नाव दिले. परंतु रस्त्याच्या पाटीवर एकच नाव मावते. त्या पाटीमागील प्रिन्सिपल, विल्यम्स आणि रात्रभर नाचणारे अनामिक तरुण यांची नोंद घेणे हे इतिहासलेखनाचे काम होय. मुद्रिकेवरील नाव हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. हाउस संगीताच्या अभ्यासकाने हा भेद सतत ध्यानी ठेवला पाहिजे.