बीकरमधली खडीसाखर

विष्णुपुरी म्हटलं की नांदेडकरांच्या डोळ्यांपुढे आधी धरण येतं. शंकरसागर जलाशय, आणि गोदावरीचं पाणी पंपांनी वर चढवून रानात सोडणारी उपसा सिंचन योजना. याच गावाचा पत्ता आता पदार्थविज्ञानाच्या शोधनिबंधांवरही छापला जातो. मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर इथलाच. त्याच्या भौतिकशास्त्राच्या संकुलात राजाराम माने आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म स्फटिक रासायनिक पद्धतीने वाढवण्याचं काम केलं आहे.

ऐकायला अवघड, पण कृती स्वयंपाकघरातली वाटावी अशी. बीकरमध्ये धातूच्या क्षाराचं द्रावण, त्यात थोडा अमोनिया, काचेची पट्टी उभी सोडलेली आणि खाली मंद आच. काही तासांत पट्टीवर थर धरतो. दोऱ्यावर खडीसाखर धरते तसा. हाच ‘केमिकल बाथ’. निर्वात कक्ष नको, कोट्यवधींचं यंत्र नको. महाराष्ट्रात या पद्धतीचं माहेर कोल्हापूर म्हणायला हरकत नाही. शिवाजी विद्यापीठातल्या सी. डी. लोखंडे यांनी १९९१ साली तिचा आढावा लिहिला, आणि २००० साली माने-लोखंडे या जोडीचा दुसरा, जो पुढे देशोदेशी आधाराला घेतला गेला. दोन्ही आढावे सल्फाइड-सेलेनाइडांच्या कुळाचे. पुढे सोलच्या हानयांग विद्यापीठात माने यांनी टायटॅनियम आणि झिंक यांच्या ऑक्साइडांचे थर सौरघटांसाठी बनवले. ऑक्साइडांची ती वाट नंतर विष्णुपुरीपर्यंत आली.

स्फटिकाच्या आकाराचं कोडं मात्र फार जुनं. साध्या पाण्यातून मीठ चौकोनी ठोकळ्यांत जमतं. फ्रान्सच्या रोमे द लिल यांनी १७८३ साली नोंदवलं की तेच मीठ लघवीतून जमवलं तर आठ बाजूंचं होतं. मीठ तेच, मग रूप का पालटतं? लघवीतला युरिया स्फटिकाच्या ठरावीक बाजूंना चिकटतो आणि त्यांची वाढ रोखतो. इथला हिशेब उलटा असतो: भरभर वाढणारी बाजू शेवटी टोकाशी आक्रसून नाहीशी होते, आणि रेंगाळणारीच पसरून नजरेत भरते. आकार घडवायचा म्हणजे कोणत्या बाजूला रेंगाळत ठेवायचं ते ठरवायचं.

या ऑक्साइडांकडून उन्हात रासायनिक क्रिया घडवून घेण्याची गोष्ट वेगळ्या दिशेने आली. १९२१ साली कार्ल रेन्झ यांना दिसलं, की ग्लिसरीनसारख्या पदार्थाच्या सहवासात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड उन्हात काळवंडतं. दहाच वर्षांनी अलाहाबादेत नीलरतन धर आणि गोपाल राव यांनी अशाच ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर उन्हाने अमोनियाचं ऑक्सिडीकरण होतं असं मांडलं. उष्ण देशांच्या मातीत नायट्रेट तयार होण्यात जिवाणूंबरोबर उन्हाचाही वाटा आहे, हा धर यांचा आग्रह. तो सर्वांना पटला नाही. पण मराठवाड्याच्या उन्हात हे वाचताना गंमत वाटते, कारण दख्खनच्या बेसाल्टमध्येही साधारण दोन-तीन टक्के टायटॅनियम ऑक्साइड असतंच. पुढे १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं आणि हा विषय चर्चेत आला.

मग आकाराची आणि उन्हाची, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. अनाटेज या रूपातला टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक म्हणजे पायथ्याशी जोडलेले दोन पिरॅमिड, टोकं किंचित छाटलेली. टोकांवरची सपाट बाजू, जाणकारांच्या भाषेत ‘शून्य-शून्य-एक’, जास्त ऊर्जेची. म्हणून ती प्रकाशातल्या क्रियांसाठी अधिक कामाची मानली गेली, आणि म्हणूनच ती आक्रसते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या गटाने हायड्रोफ्लोरिक आम्लाने तिला थोपवून धरलं आणि स्फटिकाच्या पृष्ठभागाचा ४७ टक्के भाग तिच्या वाट्याला आणला. हे आम्ल काच खातं, तेव्हा इथे बीकरचं घराणं कामाचं नाही. टेफ्लॉनचं अस्तर लावलेलं पोलादी भांडं लागतं.

त्या निबंधानंतर जगभर या बाजूच्या मागे झुंबड उडाली. आणि २०११ साली चीनमधल्या शेनयांगच्या गटाने वेगळाच निकाल दिला. चिकटलेलं फ्लोरिन धुऊन काढल्यावर प्रकाशातल्या क्रियाशीलतेत तीन बाजूंमध्ये हीच शेवटची ठरली. पहिली आली ‘शून्य-एक-शून्य’. तीन वर्षं जिचं कौतुक झालं, तिचा गुण कितपत तिचा आणि कितपत अंगावरच्या लेपाचा, हा प्रश्न उभा राहिला.

झिंक ऑक्साइडचं प्रकरण बीकरवाल्यांना अधिक सोयीचं. हा स्फटिक उभा कांडीसारखा वाढतो. लिंबातल्या आम्लाचा क्षार, सायट्रेट, कांडीच्या माथ्याला चिकटला की उंची खुंटते आणि षट्कोनी चपट्या चकत्या मिळतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात षट्कोनी चकत्यांनी मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा रंग प्रकाशात कांड्यांपेक्षा पाचपटीहून अधिक कार्यक्षमतेने घालवला.

तरी अडचणी उरतातच. अनाटेजला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश लागतो, म्हणजे अतिनील. उन्हात त्याचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. विष्णुपुरीचं मे महिन्यातलं ऊन कितीही भाजो, उरलेलं या स्फटिकाला उपयोगाचं नाही. शिवाय मिथिलीन ब्लू स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे परीक्षकच परीक्षार्थीला मदत करतो. रंगाच्या कारखान्यातलं सांडपाणी अशा स्फटिकांनी पारदर्शक दिसू लागलं तरी त्यातले रेणू पूर्ण मोडलेच असतील असं नाही. तुकडे पाण्यात राहू शकतात. ते पाहायला पाण्यात उरलेला सेंद्रिय कार्बन वेगळा मोजावा लागतो, आणि ते यंत्र बीकरइतकं स्वस्त येत नाही.