डोंगरावरचा निरोप्या

१९१४ च्या एप्रिल महिन्यातील एका रात्री अमेरिकेतील हार्टफर्ड येथे राहणारे हायरम पर्सी मॅक्सिम यांना जवळच्याच स्प्रिंगफील्ड शहरी एक निरोप पाठवावयाचा होता. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास आणि हाताशी चांगले सामर्थ्यवान बिनतारी यंत्र. परंतु त्या रात्री काही केल्या हाक पोहोचेना. तेव्हा त्यांना वाटेवरच्या विंडसर लॉक्स गावातील एका हौशी चालकाची आठवण झाली. त्याने निरोप उतरून घेतला आणि पुढे रवाना केला. एवढ्याशा घटनेतून त्याच वर्षी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संस्था उभी राहिली. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलणारी डाक जशी चाले, तशी ही बिनतारी डाक चालावी, ही त्यामागील कल्पना. १९१७ साली न्यूयॉर्कहून निघालेला निरोप अशाच टप्प्यांनी लॉस एंजेलिसला पोहोचला आणि त्याचे उत्तर दीड तासाच्या आत परतही आले.

या डाकेत प्रत्येक टप्प्यावर एक जागता माणूस बसलेला असे. अक्षर नीट उमटले नाही, तर तो पुन्हा विचारी. दोघांनी एकदम हाक दिली, तर एकाला थांबवी. आणि एखाद्याच्या घरी आजारपण आहे असे कळले, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा बाजूला ठेवून तो निरोप आधी पाठवी. पुढे त्या माणसाच्या जागी यंत्र आले.

हे यंत्र येण्यास भूगोल कारण झाला. अतिलघु लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की पलीकडचा माणूस बहिरा. मग ज्या डोंगराने वाट अडविली, त्याच्याच माथ्यावर निरोप्या बसविला तर? पुनःक्षेपक, किंवा हौशी मंडळींच्या तोंडी रुळलेला ‘रिपीटर’, तो हाच. तो एका कंपनसंख्येवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर, अधिक जोराने, तेच बोलतो. दोन मीटर लहरींच्या पट्ट्यात या दोहोंत सहाशे किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याची रीत पडली. अंतर तसे तुटपुंजेच. आपल्याच आरोळीने आपलेच कान बधिर व्हावेत, अशी त्या यंत्राची अवस्था होई; म्हणून धातूच्या मोठमोठ्या नळकांड्यांच्या गाळण्या लावून त्याचे तोंड आणि कान वेगळे राखावे लागतात.

अमेरिकेतील आरंभीच्या रिपीटरांत कॅलिफोर्नियातील आर्ट जेंट्री यांनी पन्नाशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या डोंगरांत चालविलेल्या रिपीटरचे नाव घेतले जाते. खरा प्रसार झाला तो साठीच्या दशकात, आणि तोही काटकसरीच्या मार्गाने. टॅक्सी कंपन्या व पोलीस खाती यांना सरकारी नियमांमुळे जुने संच मोडीत काढावे लागले. ते हौशी लोकांनी स्वस्तात घेतले, घरी खोलले, आपल्या पट्ट्यावर जुळवले आणि मोटारीत बसवले. १९७२ मध्ये अमेरिकी दळणवळण आयोगाने रिपीटरांसाठी स्वतंत्र नियम केले. ठराविक वेळाने आपली ओळख सांगण्याचे जे बंधन माणसांना होते, ते या यंत्रांनाही लागू झाले.

यंत्राला ओळख मिळाली. विवेक मात्र मिळाला नाही. ते ऐकेल ते बोलेल. शिवाय एका वेळी एकच आवाज. पन्नास जणांच्या मोटारींत संच असले, तरी डोंगरावरची वाट एकाच माणसापुरती. मधल्या माणसाची जबाबदारी आता दोन्ही टोकांच्या माणसांवर येऊन पडली आणि तिच्यातून एक शिष्टाचार घडला. बोलण्यापूर्वी ऐकावे. समोरच्याचे बोलणे संपल्यावर क्षणभर थांबावे, मग बटण दाबावे. हा क्षण वाया गेलेला नसतो. रस्त्यावर अपघात पाहून मदत मागू इच्छिणारा कोणी त्या दोघांच्या गप्पा संपण्याची वाट पाहत असेल, तर त्याला शिरावयाला तेवढीच फट असते. पुष्कळ रिपीटरांत एक बारीक सूर वाजतो. तो वाजेपर्यंत थांबावे, असा संकेत. आणि एखादा वक्ता सुमारे तीन मिनिटे न थांबता बोलत राहिला, तर यंत्र आपोआप मुके होते. ही सोय सभागृहांतूनही असावी, असे अनेकांना वाटेल!

नाव न सांगता नुसते बटण दाबून रिपीटर जागा आहे की नाही ते पाहणाऱ्यांविषयी या मंडळींत नाराजी असते. ज्याचा आवाज दूरवर पोहोचतो, पण ज्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही, अशा केंद्राला ते ‘मगर’ म्हणतात. तोंड मोठे आणि कान नाहीत.

वादही झाले. डोंगरावरची जागा, वीज, मनोरा यांचा खर्च वर्गणीतून होई. मग वर्गणी न देणाऱ्याने का बोलावे? काहींनी आपले रिपीटर ठराविक सूर पाठवणाऱ्या सभासदांपुरते बंदिस्त केले. लहरी सर्वांच्या आहेत, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही पक्षांत तथ्य होते. पण संकटाच्या वेळी उघड्या रिपीटरांचा पक्ष जड ठरे, हे मान्य करावे लागते.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी पाच वाजून चार मिनिटांनी उत्तर कॅलिफोर्नियात भूकंप झाला. टेलिफोनच्या तारांवर हाकांची गर्दी लोटली, वीज गेली. बॅटरीवर तग धरून असलेल्या रिपीटरांवरून हौशी चालक आश्रयस्थाने व रुग्णालये यांचे निरोप नेऊ लागले. अशा प्रसंगी एकजण नियंत्रक होतो. त्याने नाव पुकारल्याशिवाय कोणी बोलावयाचे नाही, आणि तातडीचा निरोप असेल त्याने तसे सांगून आधी यावयाचे. विंडसर लॉक्सचा तो मधला माणूस अशा वेळी पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसतो.

दरम्यान डोंगरही अपुरा पडला होता. १९६५ मध्ये ‘ऑस्कर-३’ या हौशी उपग्रहाने पृथ्वीवरील हाका अंतराळातून परत फिरवून दाखविल्या. भारताचा ‘हॅमसॅट’ ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून, कार्टोसॅट-१ या मोठ्या उपग्रहासोबत, आकाशात गेला. त्यातील एक क्षेपकसंच भारतात घडविलेला आणि दुसरा एका डच विद्यार्थ्याने तयार केलेला. या उपग्रहावरून एकाच वेळी अनेकांना बोलता येई. मात्र त्याची तुटपुंजी शक्ती सर्वांत वाटली जाई. कोणी गरजेपेक्षा जोराने हाक घातली, की बाकीच्यांचे आवाज त्या प्रमाणात क्षीण होत. म्हणून ऐकू येईल इतक्याच शक्तीने बोलावे, ही जुनी रीत येथेही लागू झाली. प्रत्येक फेरीत उपग्रह क्षितिजावर फार तर पंधरा मिनिटे असे, आणि तेवढ्यात परक्या देशांतील माणसे एकमेकांना नावे सांगून, आवाज कसा येतो ते कळवून वाट मोकळी करीत. दोन वर्षे चालावा म्हणून बांधलेला हा निरोप्या नऊ वर्षे चालला. २०१४ च्या जुलैमध्ये त्याच्या बॅटऱ्या निकामी झाल्या.