मूळपेशी : आशेचा इतिहास आणि कसोटीचा

उसाच्या बेण्याचा डोळा जमिनीत गेला की त्यातून नवा कोंब फुटतो, हे बारामती तालुक्यातील सांगवीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माणसाच्या मेंदूत मात्र असा डोळा नाही, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ समजूत होती. प्रौढपणी मज्जापेशी मरतात, नव्या होत नाहीत, असे स्पेनचे मज्जाशास्त्रज्ञ काहाल यांचे मत होते.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. ही तूट भरण्याचे मार्ग दोन. एक, औषध द्यायचे. दुसरा, पेशीच नव्या लावायच्या. पहिल्या मार्गावर आपल्याकडे जुने काम आहे. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी या बियांचा रुग्णांवर अभ्यास करून १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेव्होडोपाने हालचाल सुधारते, पण पेशींचे मरणे थांबत नाही.

दुसऱ्या मार्गाचे दार हळूहळू उघडले. प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या मज्जापेशी होत असल्याचा पुरावा जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ पासून मांडला. बराच काळ कोणी लक्ष दिले नाही. १९९८ मध्ये एरिक्सन व गेज यांनी माणसाच्या मेंदूतही तसा पुरावा दाखवला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आशा मोठी होती, म्हणून कसोटीही कडक लागली. अमेरिकेत ४० कंपवातग्रस्तांपैकी २० जणांच्या मेंदूत गर्भपेशी सोडल्या, तर उरलेल्या २० जणांच्या कवटीला फक्त भोके पाडली. २००१ च्या निष्कर्षांत तरुण रुग्णांना काही लाभ दिसला. पण काहींना अनावर हालचालींचा नवाच त्रास जडला.

पुढे जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूळपेशींसारखे रूप दिले. अशा पेशींपासून घडवलेल्या पूर्वपेशी क्योटोत २०१८ पासून सात रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आल्या. २०२५ मध्ये निष्कर्ष आले : गंभीर दुष्परिणाम नाहीत, तपासलेल्या सहापैकी चौघांची हालचाल औषधाचा अंमल नसतानाही सुधारली. सात रुग्ण ही सुरुवात झाली, उपचार नव्हे.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मूळपेशींवर संशोधन चालते. पण प्रयोगशाळा आणि दवाखाना यांत अंतर आहे. ते राखण्यासाठीच २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रक्ताच्या विकारांसारखे मान्य उपचार सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हावा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत.

म्हणून आजारी वडिलांसाठी उसाचे बिल मोडण्यापूर्वी मुलाने दोनच प्रश्न विचारावेत : ही चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेली आहे का? आणि असेल, तर पैसे कशाचे?