पाटाचे पाणी आणि देवळाचा पार

देवळाचे काम निघाले म्हणजे गावातील माणसांची खरी पारख होते, असे जुनी मंडळी सांगत आली आहेत. कोणी बोलावणे येण्याची वाट न पाहता ट्रॉलीभर वाळू आणून टाकतो. कोणी शेजाऱ्याने कितीची पावती फाडली हे हळूच विचारून मग आपला आकडा सांगतो. आणि एखादा असाही निघतो की कळस चढेपर्यंत घराबाहेर पडत नाही, प्रसादाच्या पहिल्या पंगतीला मात्र पाट धरून बसतो. या तिघांची शेती सारखी असू शकते, उत्पन्नही सारखे असू शकते. फरक असतो तो प्रत्येकाने मनाशी काय मोलाचे मानले आहे यात. शिवाय या तिघांत मधल्या तऱ्हेची माणसे बरीच असतात. दुसरा देतो असे दिसले की ती देतात, दुसरा हात आखडतो असे दिसले की तीही आखडतात. म्हणून गावाचे काम उभे राहणार की नाही हे बहुधा पहिल्या दोन-चार माणसांवर ठरते.

याचा दाखला पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. आपल्याच महाराष्ट्रातील काही गावांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यांतील एका गावाच्या कामाचा आरंभ देवस्थानच्या जमिनीवर झाला, तर दुसऱ्या गावाचा देवळाच्या दुरुस्तीने झाला. त्यामुळे आजच्या प्रसंगी ही हकीकत देणे उचित होईल.

प्रथम जुनी गोष्ट. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून दगडी बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर जी शेती होत आली तिला फड पद्धत म्हणतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडीत, तेच फड. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, व प्रत्येक खातेदाराचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असावयाचा. पाणी कमी आले तर एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळे नुकसान झाले तर ते सर्वांचे होई, एकट्यादुकट्याचे नव्हे. पाणी फिरविण्यास पाटकरी, त्याच्यावर देखरेखीस हवालदार आणि पिकाच्या राखणीस जागल्या असे. या लोकांना गावानेच नेमावे व गावानेच पोसावे असा रिवाज होता. पाणी कोणाच्या वाफ्यात केव्हा जायचे हे पाटकरी ठरवी, शेतकऱ्याने स्वतः बारे फोडावयाचे नाही.

या रचनेत एक मोठे शहाणपण होते. माणूस उदार असो वा आपमतलबी, त्याचा तुकडा सर्वांच्या तुकड्यांत असल्याने दुसऱ्याचे वाळवून आपले भिजविण्याची सोयच नव्हती. ज्यांनी ती घडी बसविली त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. परंतु माणसाच्या स्वभावाचा त्यांचा अभ्यास पक्का असला पाहिजे. अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने सामाईक पाणी, कुरणे व जंगले लोक आपसांत कशी सांभाळतात याचा देशोदेशी अभ्यास केला. त्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लोकांनी स्वतः केलेले नियम लोक पाळतात, हे जे त्यांनी विद्वानांना पटवून दिले, ते पांझरेकाठच्या पाटकऱ्याला ठाऊक होते.

सरकारी कायद्याने सहकार आला तो बऱ्याच उशिरा. सावकारी कर्जाला कंटाळून १८७५ साली सुपे येथे व पुढे पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी दंगे केले, कर्जखते जाळली. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाची साथ मिळून १९५० साली प्रवरेचा साखर कारखाना चालू झाला. ही कथा सर्वांस माहीत असल्याने येथे विस्तार करीत नाही. एवढे मात्र खरे, की कायद्याने संस्थेची नोंदणी होते, सभासदांची मने नोंदविता येत नाहीत. कागदोपत्री सहकारी असलेल्या किती सोसायट्या थकबाकीत बुडाल्या हे प्रत्येक तालुक्याच्या दप्तरात पाहावयास मिळते.

आता पुरंदर तालुक्यातील नायगावकडे वळू. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक कारखानदार, इंजिनिअर विलासराव साळुंखे, या भागात हिंडले. हजारो माणसे खडी फोडीत होती. खडी फोडून पोट भरेल, पण पुढच्या दुष्काळाचे काय, हा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला. नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन होती. उतारावरची, पाणी न ठरणारी. ती त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खोदली आणि पाणी उचलून वर नेले. ज्या माळावर कुसळाशिवाय काही येत नव्हते तेथे धान्य पिकू लागले. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले व त्यातून पाणी पंचायतीचे काम वाढले.

बांधबंदिस्ती व विहीर यांत नवीन असे काही नव्हते. नवीन होते ते नियम. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. ज्याला वीस एकर आहेत त्यालाही तेवढेच. ज्याला जमीन नाही अशा भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावावयाचा नाही, कारण एकाच्या उसाला लागणाऱ्या पाण्यात अनेकांची ज्वारी-भाजी होते. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी स्वतः भरावयाचा. आणि जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर खरेदीदाराकडे न जाता पंचायतीकडे परत यावयाचा.

तलाठ्याच्या दप्तराची ज्यांना माहिती आहे त्यांना या शेवटच्या नियमाचे महत्त्व चटकन कळेल. सातबाराच्या उताऱ्यावर विहीर गट नंबराला चिकटलेली असते. गट ज्याचा, विहीर त्याची, आणि पाणी उपसावे तितके त्याचे. सगळा महसुली व्यवहार याच समजुतीवर चालत आलेला. साळुंख्यांनी ही समजूतच मोडली. पाणी गटाचे नाही, माणसाचे. हे कोणत्याही फेरफारात नोंदविता येण्यासारखे नव्हते, लोकांच्या कबुलीवरच चालणार होते.

आणि म्हणूनच येथे माणसांचे स्वभाव उघडे पडले. अर्धा-एक एकरवाला या योजनेत आनंदाने येणार, यात विशेष काही नाही, त्याचा फायदाच होता. भूमिहीनाचेही तसेच. खरी कसोटी होती ती मोठ्या खातेदाराची. त्याने आपला हिस्सा रोख भरावयाचा, आणि अडीच एकरावर समाधान मानावयाचे. काहींनी हे मान्य केले. गावात राहून शेजाऱ्याची पोरे उपाशी पाहावत नाहीत, असे मानणारी ती माणसे. काहींनी हिशेब केला, की वीस कोरड्या एकरांपेक्षा अडीच भिजते एकर बरे. हाही हिशेब वाईट म्हणता येणार नाही. काही मात्र बाजूला राहिले, आणि उसावरची बंदी तर पुष्कळांना जाचक वाटली. शेजारच्या तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे डोलताना दिसत असता आपण मात्र ज्वारी-बाजरी करावी, हे पटवून घेणे सोपे नसते. साळुंखे यांनी तरीही नियमात सूट दिली नाही. सूट दिली असती तर सभासद वाढले असते, पण ती पाणी पंचायत राहिली नसती. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नियमांचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रात समन्यायी पाणीवाटपाची चर्चा आजही पुरी होत नाही.

नायगाव पाहून प्रेरणा घेणाऱ्यांत नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे हे एक. २०११ सालच्या दिल्लीतील उपोषणामुळे त्यांचे नाव देशभर झाले, पण येथे तो विषय नाही. विषय आहे तो १९७५ सालचा. सैन्यात ट्रक ड्रायव्हर असलेले हजारे त्या साली निवृत्ती घेऊन गावी परतले. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला होऊन सोबती मारले गेले व ते वाचले. वाचलो तो कशासाठी, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मागे लागला होता.

गावाची स्थिती वाईट होती. पाऊस कमी, विहिरी आटलेल्या, निम्म्या लोकांना पोटासाठी बाहेर जावे लागे. त्यात गावात दारूच्या तीस-चाळीस भट्ट्या. संत यादवबाबांच्या देवळाची पडझड झालेली, आणि त्याचे लाकूड काढून लोकांनी भट्टीला सरपण म्हणून जाळलेले! देवाच्या घराचे लाकूड दारूच्या भट्टीखाली जाते तेव्हा त्या गावात कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही असे समजावे.

हजारे यांनी भाषण केले नाही. आपल्या फंडाचे सुमारे २० हजार रुपये त्यांनी देवळाच्या दुरुस्तीस घातले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पहिल्याने लोकांनी संशयाने पाहिले. याला सरपंच व्हायचे आहे काय, अशी शंका गावात येतेच. पण माणूस लग्न न करता देवळाच्याच खोलीत राहतो, घराकडे जात नाही, गावाच्या पैशाला हात लावीत नाही, हे दिसू लागले. मग एकेक जण कामाला येऊ लागला. ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्याने अंगमेहनत दिली. श्रमदानाला पावती नसते व ते कोणत्याही किर्दीत जमा होत नाही. तरीपण देणगीदारांच्या यादीत त्याचा आकडा घालता आला असता तर बहुधा तो सर्वांत मोठा निघाला असता.

देऊळ पुरे झाले आणि पार बैठकीची जागा झाला. तेथेच दारूबंदीचा ठराव झाला, देवासमोर झाला म्हणून तो मोडणे जड गेले. पुढे तरुण मंडळ निघाले, नालाबांध, पाझर तलाव, सामुदायिक विहिरी, झाडे यांची कामे झाली. नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही पंचसूत्री ठरली. तिच्याच आधारे महाराष्ट्र शासनाने १९९२ साली आदर्श गाव योजना आणली. ज्याच्या घरी धान्य जास्त त्याने ते गावच्या धान्य बँकेत ठेवावे, गरजवंताने न्यावे व सुगीला थोडे वाढवून परत करावे, असा रिवाज पडला. दलित कुटुंबांचे कर्ज थकले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या शेतात राबून पीक काढले व कर्ज फेडले. साऱ्या हकीकतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी म्हणावी लागेल. देऊळ आपले आहे हे मानणे तुलनेने सोपे असते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या बाहेर ठेवले त्यांचे कर्ज आपले आहे हे मानण्यास निराळेच मन लागते.

याच हकीकतीची एक बाजू मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही. वारंवार सांगूनही दारू न सोडणाऱ्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारण्यात आले. हजारे यांनी स्वतः हे कधी नाकारले नाही. भट्ट्या बंद झाल्या हे खरे, बायकापोरांचे हाल थांबले हेही खरे. तरीपण माराने दारू सुटली तर मनुष्य सहकार्याला आला असे म्हणता येत नाही, तो केवळ भ्याला. शिवाय एक माणूस निष्कलंक आहे म्हणून त्याचा पट्टा गावाने सहन केला. तोच पट्टा दुसऱ्याच्या हाती गेला तर काय? पुढे राज्यात महिलांच्या मतदानाने गावचे दुकान बंद करण्याची, लोक जिला ‘आडवी बाटली’ म्हणतात ती, तरतूद झाली. ती वाट लांबची, कटकटीची, आणि काही ठिकाणी पराभवाची. पण तीत प्रत्येक बाईला आपले मत स्वतः ठरवावे लागते.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने अशीच लांबची वाट धरली. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची उतरती कळा लागली होती, माणसे मजुरीला बाहेर जात होती. १९९० च्या सुमारास तरुणांनी आग्रह धरून शिकलेल्या पोपटराव पवार यांना सरपंच केले. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथेही श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हेच सूत्र होते, पण सर्व काही ग्रामसभेत बोलून ठरवावयाचे. शेतीसाठी बोअर घ्यावयाचे नाही, जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही, ऊस-केळी यांसारखी जादा पाण्याची पिके घ्यावयाची नाहीत, हे ठराव गावाने आपणच आपल्यावर घालून घेतले.

पावसाळा संपला की तेथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींत किती उतरला, याचे आकडे सर्वांसमोर वाचले जातात. आधी पिण्याचे व जनावरांचे पाणी काढून ठेवतात आणि उरलेल्यावर रब्बीला काय पेरावयाचे ते ठरते. पाऊस कमी असेल त्या वर्षी ज्याची विहीर भरलेली आहे तोही आपला पेरा कमी करतो.