खरोशाच्या लेण्यांची नावे

दिंडीच्या इतिहासात लेण्यांचे काय काम, असे कोणी विचारील. पण किल्लारीची आमची म्हातारी माणसे खरोशाच्या लेण्यांना 'खोल्या' म्हणत, आणि एकेका खोलीला नाव होते. ती नावे कुणी लिहिली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव निजलेले असताना, दगडमातीची घरे बसली अन् सांगणारेच गेले.

औसा तालुक्यातला हा डोंगर जांभ्या दगडाचा. लांबून खाणीचा खड्डा कोणता नि लहान लेणे कोणते, चटकन उमगत नाही. आत खांब दिसला की लेणे. जांभा कापायला सोपा, पण सच्छिद्र. मूर्तींचे नाकडोळे झिजून गेलेत. नरसिंह तेवढा ओळखू येतो. बर्जेससाहेबाने १८७८ च्या अहवालात गावाचे नाव 'करुसा' असे लिहिले. नाव चुकले असेल, पण त्याने लेणी नोंदवली तरी. आपण तेवढेही केले नव्हते.

शताब्दीनिमित्त आम्ही वही घेऊन गेलो, तेव्हा लहान लेण्यांना संतांची नावे द्यावीत, अशी सूचना आली. तेरणाकाठचे तेर गोरोबाकाकांचे, मग एकाला त्यांचे नाव हवेच! मोह झाला, खरे सांगतो. पण घडवणारे काकांच्या कितीतरी शतके आधीचे. त्यांच्या दारावर आपली पाटी कशी लावावी? आम्ही नुसते आकडे टाकले. 'पाण्याची' आणि 'गुरांची' ही दोनच जुनी नावे एका आजीला आठवली, ती लिहिली. बाकीच्या ओळी वहीत कोऱ्या आहेत. कुणा माउलीला आठवले तर विणेकऱ्यांकडे सांगावे.