हॉटेलातली पंगत

आज आपण मित्रमंडळी, बायकामुले घेऊन हॉटेलात शिरतो. शेजारी कोण बसले आहे, हे पाहतही नाही. हे सुख फार जुने नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापायी टिळक, रानडे यांच्यावर ग्रामण्य आले, प्रायश्चित्तापर्यंत पाळी गेली. चहा तो केवढा!

मुंबईत सोवळे ढिले केले ते गिरणीच्या भोंग्याने. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला कामगार खानावळीत जेवे, नाक्यावरच्या इराण्याकडे चहात ब्रूनपाव बुडवी. तिथे पैसे मोजले की जात कोणी विचारीत नसे. आम्ही चळवळीतली माणसे हे अभिमानाने सांगतो. पण त्याच कामगारांनी साचेखात्यात अस्पृश्य बांधवाला शिरू दिले नाही. कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न पुढे आणावा लागला. खेड्यातल्या हॉटेलांत तर वेगळी कपबशी वळचणीला असे.

उपाहारगृहात मज्जाव नको, हे राज्यघटनेने १९५० साली सांगितले. १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. आणि टेबल पुसणारा पोऱ्या? चौदा वर्षांखालील मुलाला हॉटेलात राबवू नये, ही बंदी यायला २००६ साल उजाडले.